सूतकृमी, चिकटपट्टी आणि विसरलेला दुसरा डोस

पाच वर्षांचा मुलगा रात्री झोपेत ढुंगण खाजवायचा, कुरकुरायचा. आठवडाभर मी पुरळ समजून मलम लावत बसले. शेवटी एका रात्री तो गाढ झोपल्यावर टॉर्च मारून बघितलं आणि अंगावर काटाच आला. सेंटीमीटरभर लांबीचा पांढरा दोरा. वळवळणारा.

डॉक्टरांनी सांगितलं, सकाळी उठल्या उठल्या, शी-अंघोळीच्या आधी, तिथे पारदर्शक चिकटपट्टी दाबा आणि काचेवर चिकटवून आणा. लॅबमध्ये मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. एका बाजूने चपटी अंडी, ढिगाने! शी तपासायला दिली असती तर बहुतेक काही सापडलं नसतं, कारण मादी अंडी घालायला रात्री बाहेर कातडीवर येते. एकेक मादी 10,000च्या आसपास अंडी घालते आणि मरते. मग खाज. पोर खाजवतं, अंडी नखांत, नखं तोंडात. चार ते सहा तासांत अंडी लागण करायला तयार असतात. ना डास लागत, ना घाण पाणी. आमच्याच पोराची बोटं त्यांना पुन्हा पोटात पोचवत होती. राग यायच्या ऐवजी मला त्या किड्याचं जरा कौतुकच वाटलं.

पहिल्या वेळी चुकलो आम्हीच. गोळी फक्त त्याला दिली, तीही एकदाच. खाज थांबली आणि दुसरा डोस विसरलो. दीड महिन्यात पुन्हा तेच. औषधाने किडे मरतात, अंडी नाही. आणि चादरीवर, खेळण्यांवर पडलेली अंडी दोन-तीन आठवडे तग धरतात. शिवाय खाज नसली तरी तुमच्याही पोटात असू शकतात, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घेतली, दोन आठवड्यांनी पुन्हा. रोज सकाळी आधी अंघोळ, धुतलेली चड्डी, नखं बारीक. चादरी झटकायच्या नाहीत (मी जन्मभर झटकत आलेय), अलगद गुंडाळून थेट गरम पाण्यात. मांजरीवर मात्र उगाच आळ घेतला होता. हा किडा माणसातच राहतो.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो नखं कुरतडायच्या सवयीने. मुलाच्या नाही, त्याच्या बाबाच्या.