गाडी थंड पाहिजे

२०१६ साली पहिली गाडी बघायला गेलो, तेव्हा मालकाने ती दारात चालूच करून ठेवली होती. "या सर, एसी लावून ठेवलाय." मे महिना, कराडचं ऊन. मला तो माणूस फार सज्जन वाटला. सात वर्षं वापरलेली डिझेल हॅचबॅक, आवाज एकसारखा, पिकअप झकास. दोन लाख दहा हजार मोजले आणि येताना पेढे घेऊन घरी आलो.

दिवाळीपर्यंत गाडी दर पंधरवड्याला अर्धा लिटर ऑइल खायला लागली. सकाळी चार-पाचदा सेल्फ मारल्याशिवाय जागी व्हायची नाही, आणि झाली की गल्लीभर निळसर धूर. समोरच्या काकू दोरीवरचे कपडे काढायला धावायच्या. शेवटी इंजिन खोललं. पिस्टनच्या रिंगा गेलेल्या, सिलिंडरचे बोअर झिजलेले. बावन्न हजार. हे काम ज्यांनी केलं ते मिस्त्री एसटीच्या आगारातून निवृत्त झालेले. बिल देताना मी त्या एसीचा किस्सा सांगितला, तर ते हसले. "सर, त्यानं तुमच्यासाठी एसी नव्हता लावला. गाडी गरम करून ठेवली होती."

त्यानंतर मी त्यांच्याशिवाय गाडी बघायला गेलो नाही. स्वतःसाठी, मेहुण्यासाठी, शाळेतल्या दोन सहकाऱ्यांसाठी मिळून नऊ-दहा गाड्या आम्ही पाहिल्या. त्यांचा नियम एकच: आदल्या रात्रीपासून गाडी चालू करायची नाही, आम्ही सकाळी सातला येतो. पोचल्यावर रामराम करायच्या आधी ते बोनेटवर तळहात ठेवतात. कोमट लागलं की चहासुद्धा न घेता परत.

कारण असं, की रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली उतरलेलं असतं आणि धातू आकसलेला असतो. डिझेलचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबायची ताकद, कमी झालं असेल तर ती थंडपणीच सुरू व्हायला कुरकुरते. टायमिंग चेन सैल असेल तर पहिले काही सेकंद खडखडते. व्हॉल्व्हची सीलं गेली असतील तर रात्रभर झिरपलेलं ऑइल पहिल्याच स्टार्टला निळं होऊन सायलेन्सरमधून निघतं. गरम गाडीत यातलं बरंचसं झाकलं जातं. सेकंद-दोन सेकंद वरचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) वाजले तर चालतं, ऑइल वरपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतोच. पण खालून, पोटातून ठोके येत राहिले तर बेअरिंग गेलेलं. तिथे पुढची बोलणी नाहीत.

किल्ली फिरवायच्या आधी ते डिपस्टिक काढतात. ऑइल काळं दिसलं की मी नाक मुरडायचो. "डिझेलचं काळंच असतंय," म्हणाले. उलट विकायच्या आदल्या दिवशी बदललेलं, मधासारखं चकचकीत ऑइल दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाच्या चहासारखा चिकटा असेल तर ऑइलमध्ये पाणी शिरतंय, बहुधा हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग, गेलेलं. पावसाळ्यात नुसती गावातल्या गावात फिरणारी गाडी असेल तर दमटपणामुळेही झाकणाला थोडा पांढुरका फेस धरतो, म्हणून ते लगेच रेडिएटरचं झाकण उघडून कूलंटवर तेलाचा तवंग आहे का बघतात. (हे थंड गाडीतच. गरम रेडिएटर उघडलात तर गाडीऐवजी दवाखाना बघावा लागेल.)

मग किल्ली अर्धी फिरवायची. ऑइलचा आणि इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे, आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. विट्याकडच्या एका गाडीत इंजिनचा दिवा मुळात लागलाच नाही. मला वाटलं, छान, काही बिघाड नाही. मिस्त्री म्हणाले, "दिव्याची वायर काढलीय." भाच्याने एकदा मोबाइलला जोडायचा स्कॅनर आणला होता. बिघाडाचा एकही कोड दाखवला नाही, पण गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दाखवल्या. म्हणजे कोड नुकतेच पुसलेले, किंवा बॅटरी नुकती काढून लावलेली. तेव्हापासून मिस्त्री त्या डबीला थोडा मान देतात.

चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उलटं करून नुसतं ठेवायचं, ही त्यांची आवडती गंमत. हलकं थरथरलं तर ठीक, डिझेलचा तेवढा श्वास असतोच. उडून पडलं आणि भोकातून भकाभका धूर आला तर बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली निसटतोय. माझ्या पहिल्या गाडीवर ही गंमत फुकट करता आली असती.

धुराचंही तसंच. थंडीत सकाळी पांढरी वाफ निघते आणि विरून जाते, तिला घाबरायचं नाही. दाट पांढरा, गोडसर वासाचा, गरम झाल्यावरही न थांबणारा धूर म्हणजे कूलंट जळतंय. निळ्यासाठी ते मला आगाशिवच्या डोंगराच्या उतारावर मागे उभं करायचे आणि स्वतः गिअरमध्येच, पाय सोडून गाडी खाली आणायचे. तळाशी एक्सलेटर दाबल्याबरोबर निळा लोट आला की व्हॉल्व्हची सीलं किंवा गाइड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी). चढावर जोर लावताना सतत निळा निघाला तर रिंगा, म्हणजे माझे बावन्न हजार.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला. पुढच्या वर्षभरात मेहुण्याला एक फार स्वस्त सेदान सापडली. मिस्त्रींनी बोनेट उघडायच्या आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेला गाळ. सीटखालच्या पट्ट्या गंजलेल्या. म्हणजे गाडी पुरात बुडालेली. पाणी दाबलं जात नाही, ते सिलिंडरमध्ये शिरलेलं असताना सेल्फ मारला की कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकू शकतो. मेहुणा आठवडाभर आमच्याशी नीट बोलला नाही.

माझी आत्ताची वॅगन आर २०१४ ची, ९९८ सीसी. आधी बघून गेलेल्या दोघांनी "थरथरते" म्हणून ती सोडली होती. तीन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आयडलला थोडं थरथरतंच. मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर नीट न पेटणं, वेगळं, त्यात मधेच ठोका चुकतो. मालक निवृत्त तलाठी. आम्ही सातला पोचलो, बोनेट बर्फासारखं, आणि किल्ली फिरवली तर नुसतं टिक-टिक. बॅटरी उतरलेली, गाडी तीन आठवडे शेडमधून हललीच नव्हती. ते बिचारे ओशाळून माफी मागायला लागले. मिस्त्री मात्र इतके खुश मी कधी पाहिले नव्हते. शेजाऱ्याच्या जीपवरून जम्पर लावला, गाडी एका दमात सुरू झाली. टॅपेट कव्हरचं गॅसकेट थोडं पाझरत होतं. त्याचे आणि बॅटरीचे मिळून पाच हजार कमी करून घेतले, आणि त्या दिवशी चहा दोनदा घेतला.