काळ्या दगडातला ऑक्सिजन आणि बुधाचं लोखंड

नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी एकदा तरी तिथला काळा दगड हातात घेऊन नीट बघावा असं मला फार वाटतं. हा बेसाल्ट, म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती पण ह्याचीच. ताजा फुटलेला तुकडा उन्हात धरला की बारीक कण चमकतात, आणि जिथे वर्षानुवर्षं पाणी लागलंय तिथे वरून तांबूस झालेला दिसतो, ते आतलं लोखंड गंजलेलं. मंगळ लाल दिसतो तोही असल्याच गंजामुळे.

भाच्याला विचारलं, ह्यात सगळ्यात जास्त काय असेल? तो म्हणे लोखंडच ना मामा, एवढा जड आहे तर. नाही रे बाप्पा, ऑक्सिजन! वजनाच्या जवळपास ४५ टक्के. आपण श्वासात घेतो तोच, फक्त इथे सिलिकॉन, ॲल्युमिनियम, लोखंड, मॅग्नेशियम, कॅल्शियम ह्यांच्याशी पक्का बांधलेला.

पण भाचा अगदीच चुकला नव्हता, कारण आख्खी पृथ्वी तोलली तर लोखंडच पहिलं येतं, साधारण ३२ टक्के, मग ऑक्सिजन ३०, मग सिलिकॉन आणि मॅग्नेशियम. पृथ्वी वितळलेली होती तेव्हा लोखंड आणि निकेल जड म्हणून मधे बुडाले आणि हलका माल वर राहिला, त्यामुळे आपल्या पायाखाली जे आहे ते फक्त वरचं साल आहे.

मग त्यानं विचारलं की गुरू असा गॅसचा काऊन आहे, त्याला वेगळा माल मिळाला का? तर नाही, आणि मला ह्या विषयातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. सूर्य आणि सगळे ग्रह ज्या ढगातून बनले तो ढग एकच होता, त्यात ९८ टक्के हायड्रोजन आणि हेलियम, बाकी सगळी मूलद्रव्यं मिळून उरलेले दोन टक्के. सूर्याजवळ एवढं गरम की फक्त धातू आणि खडकच घट्ट राहू शकले, म्हणून आतले ग्रह छोटे. लांब गेलं की पाण्याचाही बर्फ होतो, म्हणजे घट्ट माल एकदम वाढला, गुरूचा गाभा मोठा झाला आणि त्यानं आजूबाजूचा गॅस ओढून घेतला, आज त्याचं वजन ३१८ पृथ्व्यांएवढं आहे. युरेनस-नेपच्यूनला गॅस कमी मिळाला, त्यांच्या आत बहुतेक पाणी, अमोनिया आणि मिथेन, आणि वरच्या हवेतला मिथेन लाल रंग शोषून घेतो म्हणून ते निळसर दिसतात.

बुधाचं मात्र हिशेबात बसत नाही. त्याचा लोखंडी गाभा त्रिज्येच्या जवळपास ८५ टक्क्यांपर्यंत जातो, खडक म्हणजे वर नुसता पापुद्रा. बरीच वर्षं असं म्हणायचे की मोठी टक्कर झाली आणि वरचा खडक उडून गेला. पण मेसेंजर यान २०११ ते २०१५ बुधाभोवती फिरलं आणि त्याला पृष्ठभागावर भरपूर गंधक सापडलं, पोटॅशियमही अपेक्षेपेक्षा जास्त. आता एवढ्या भयंकर टकरीच्या उष्णतेत तर हे असले पदार्थ आधी उडून जायला पाहिजेत ना! म्हणून काही जण म्हणतात की टक्कर वेगळ्या प्रकारची असेल, काही म्हणतात बुध जिथे बनला तिथेच लोखंड जास्त होतं. युरोप आणि जपाननं मिळून २०१८ मध्ये सोडलेलं बेपीकोलंबो यान हेच तपासायला निघालंय, बुधाच्या पृष्ठभागावर कुठे कोणतं मूलद्रव्य किती आहे ते मोजणारी यंत्रं त्यावर आहेत, आणि त्याच्या आकड्यांची मी अक्षरशः वाट बघतोय.