दहा बाय बाराच्या खोलीतला स्टुडिओ

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात माडीवर दहा बाय बारा फुटांची एक खोली आहे आणि गेल्या वर्षापर्यंत तिचा उपयोग केवळ अडगळीसाठी होत असे. माझ्या मामेभावाचे चप्पल लाईनमध्ये लहानसे दुकान आहे. त्याने फोटो पाठवून बाहेरगावच्या ऑर्डरी घेण्यास सुरुवात केली आणि पहिल्याच महिन्यात तीन जोड परत आले. फोटोतला रंग आणि हातात पडलेल्या चपलेचा रंग जुळत नाही, अशी तिन्ही ग्राहकांची तक्रार होती. ते फोटो मीच त्या खोलीत काढले होते, त्यामुळे ही चूक दुरुस्त करणे मला माझे कर्तव्य वाटले. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही कोल्हापुरी चप्पल घेणारा दूरचा माणूस चामड्याचा रंग, शिवण आणि वेणी एवढेच पाहून पैसे पाठवतो. त्याला दिसणारा रंग खरा असलाच पाहिजे.

माझ्याकडे जुना डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली 18-55 ची लेन्स आणि एक 50 मिलिमीटरची लेन्स होती. हाताशी पंधरा हजार रुपये होते आणि पहिला विचार नवीन कॅमेरा हप्त्याने घ्यावा असाच आला. तो मी बाजूला ठेवला याचे आजही समाधान वाटते, कारण दोष कॅमेऱ्यात नव्हताच. खोलीच्या भिंती पोपटी रंगाच्या होत्या. दिव्याचा प्रकाश भिंतीवर आपटून परत येताना तिचा रंग सोबत आणतो आणि हिरडा व बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याचा मधासारखा तांबूस रंग त्या हिरवट प्रकाशात मळकट होऊन जातो. त्यात मी वापरलेले घरगुती एलईडी बल्ब स्वस्तातले होते. अशा बल्बांच्या प्रकाशात गडद लाल रंगाचा अंश कमी असतो, म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशानुसार रंग जुळवण्याची कॅमेऱ्यातली सोय, कितीही बदलला तरी तपकिरी आणि तांबड्या छटा पूर्ण उमटत नाहीत.

म्हणून पहिला खर्च रंगाऱ्यावर झाला. चकाकी नसलेला पांढरा डिस्टेंपर दोन हात दिला, खिडकीला जाड काळा पडदा लावला आणि दोन हजारांच्या आत खोली कामापुरती तयार झाली. त्यानंतर हाताने ताकद कमीजास्त करता येणारा एक फ्लॅश आणि कॅमेऱ्यावरून तो उडवणारा ट्रिगर घेतला; दोन्ही मिळून नऊ हजार लागले. एक स्टँड आणि आरपार प्रकाश जाऊ देणारी पांढरी छत्री दोन हजारांत आली. फ्लॅशच का, असे मला अनेक जण विचारतात. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) 100, लेन्सचे छिद्र एफ 8 आणि शटर एकशेसाठांश सेकंद ठेवले, तर खोलीतला इतर प्रकाश फोटोत जवळजवळ उमटतच नाही. जे दिसते ते केवळ फ्लॅशच्या प्रकाशात. सकाळ असो वा संध्याकाळ, चपलेचा रंग तोच येतो. शिवाय पावसाळ्यात वीज गेली तरी चार्ज केलेल्या चार सेलांवर काम चालू राहते. ज्यांना व्हिडिओ करायचे आहेत त्यांनी मात्र एलईडीच घ्यावा, पण खोक्यावर सीआरआय (त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) 95 किंवा अधिक लिहिलेले पाहूनच.

खोली लहान असल्याची खंत मला सुरुवातीला होती, परंतु अंतराचे गणित समजल्यावर ती उरली नाही. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो. माणूस भिंतीपासून चार फुटांवर बसवला आणि छत्री त्याच्या चेहऱ्यापासून तीन फुटांवर ठेवली, तर भिंत दिव्यापासून सात फुटांवर पडते आणि तिला चेहऱ्याच्या एक पंचमांशाहूनही कमी प्रकाश मिळतो. पांढरी भिंत फोटोत गडद राखाडी दिसते. तीच छत्री खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आठ फुटांवर नेली, तर भिंतीला चेहऱ्याच्या जवळजवळ निम्मा प्रकाश मिळतो आणि ती फिकट दिसते. शेजारच्या ताईंच्या मुलीचे स्थळासाठीचे फोटो मी याच एका भिंतीवर दोन पार्श्वभूमींचे काढून दिले.

चपलेसाठी छत्री मागच्या बाजूने आणि खाली ठेवावी लागते. प्रकाश चामड्यावरून तिरका सरकत गेला की वेणीचा पीळ आणि चपलेच्या बाजूच्या कानांवरची नक्षी उठून दिसते. समोरून टाकलेल्या प्रकाशात ही सारी मेहनत सपाट होऊन जाते. पुढच्या बाजूला पडणारी सावली उजळण्यासाठी थर्माकोलचा एक तुकडा पुरतो.

सर्वांत अधिक दिवस मात्र कोल्हापुरी साजाने घेतले. गुजरीतल्या एका ओळखीच्या कारागिरांनी विश्वासाने साज हाती दिला होता आणि माझ्या पहिल्या फोटोंत प्रत्येक मण्यावर खोली, पंखा आणि माझी लाल ओढणी उमटली होती. सोने आरशासारखे असते. त्याचा फोटो काढणे म्हणजे त्याच्या भोवतालचा फोटो काढणे होय. मी चार काठ्यांवर मांजरपाट ताणून लहान तंबू केला, फ्लॅश बाहेरून मारला आणि लेन्सपुरती फट ठेवली. मूकपटांच्या काळात स्टुडिओच्या छतावर पांढरे कापड ताणून उन्हाचा प्रकाश मऊ करत. मूकपटांचे दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा घडवला त्या गावात ही जुनी युक्ती हाती लागल्याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र सगळीकडून पांढरे झाले की मण्यांची गोलाई हरवते. तंबूच्या आत दोन्ही बाजूंना काळ्या कार्डाच्या बोटभर पट्ट्या लावल्यावर प्रत्येक मण्याला कड आली आणि साजातल्या पानांवरची (पदकांवरची) नक्षी वाचता येऊ लागली. कॅमेरा तिपाईवर, एफ 11, आणि शटर टायमरने सोडायचे, एवढी शिस्त येथे पाळावीच लागते.

उरलेल्या पैशांतून राखाडी कार्ड, लेन्स ठेवायला हवाबंद डबा, आर्द्रतामापक आणि ओल शोषणारे सिलिका जेल घेतले. प्रत्येक कामाचा पहिला फोटो मी राखाडी कार्डाचा घेते आणि पुढच्या सर्व फोटोंचा रंग त्यावरून ठरवते. जूनपासून आपल्याकडची हवा इतकी ओली होते की चामड्याला आणि लेन्सला सारखीच बुरशी धरते. डब्यातला काटा 40 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान ठेवते आणि जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तव्यावर परतून पुन्हा कोरडे करून घेते. मामेभावाच्या नव्या फोटोंतला पहिला जोड गणपतीच्या आधी नागपूरला गेला. रंग फोटोसारखाच आहे, असा त्या ग्राहकाचा निरोप त्याने मला दुकानातून लगेच कळवला.