समांतर रेषा: कसोटी आणि गुणधर्म

भाची यंदा नववीत आहे. तिची भूमितीची वही चाळताना माझ्या लक्षात आले की, समांतर रेषांच्या जवळजवळ प्रत्येक उदाहरणात विधानासमोर कारण म्हणून तिने ‘संगत कोन’ एवढे दोनच शब्द लिहिले आहेत. ‘हे कारण अपुरे आहे’ असे मी म्हणताच तिने विचारले, ‘‘मावशी, कोन सारखे आहेत म्हणून रेषा समांतर असतात, की रेषा समांतर आहेत म्हणून कोन सारखे असतात?’’ या प्रकरणात याहून योग्य प्रश्न विचारता येणार नाही, असे मला मनापासून वाटते.

व्याख्येपासून सुरुवात करू. एकाच प्रतलात, म्हणजे एकाच सपाट पृष्ठभागावर, असलेल्या आणि दोन्ही बाजूंना कितीही वाढवल्या तरी एकमेकींना न छेदणाऱ्या रेषांना समांतर रेषा म्हणतात. यातील ‘एकाच प्रतलात’ हे शब्द विद्यार्थी सहज गाळतात. आपण बसलो आहोत त्या खोलीत समोरची भिंत छताला जिथे मिळते ती कड आणि बाजूची भिंत जमिनीला मिळते ती कड पाहावी. या दोन कडा कितीही वाढवल्या तरी भेटणार नाहीत, पण त्या समांतर नाहीत, कारण दोघींना सामावून घेणारे एकही प्रतल नाही.

खरी अडचण ‘कितीही वाढवल्या तरी’ या शब्दांत आहे. वहीच्या पानावर दोन रेषा आणि त्यांना दोन वेगळ्या बिंदूंत छेदणारी तिसरी रेषा, म्हणजे छेदिका, काढा, छेदनबिंदूंमध्ये ५ सेंटिमीटर अंतर ठेवा, आणि छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन, म्हणजे दोन रेषांच्या मधले कोन, एक ९० अंशांचा व दुसरा ८९ अंशांचा घ्या. पानावर या रेषा समांतरच दिसतील, परंतु त्या सुमारे २८६ सेंटिमीटरवर, म्हणजे टेबलाच्या कितीतरी पलीकडे, एकमेकींना छेदतील. फरक दहा पटींनी कमी केला तर छेदनबिंदू दहा पटींनी लांब जाईल. म्हणजे डोळ्यांनी पाहून किंवा रेषा वाढवत नेऊन समांतरपणा कधीच ठरवता येत नाही. वाढवलेल्या अंतरापुढे काय होईल, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

छेदिकेचे महत्त्व इथे कळते. ती दोन्ही रेषांना छेदते तेव्हा आठ कोन तयार होतात, आणि अनंत अंतरावर काय घडेल याचे उत्तर या आठ कोनांत, हाताशी असलेल्या जागेत मिळते. कंपासपेटीतील गुण्या पट्टीला टेकवून सरकवत आपण समांतर रेषा काढतो, तेव्हाही हेच करत असतो: पट्टी ही छेदिका असते आणि गुण्याचा न बदलणारा कोन म्हणजे संगत कोन, दोन्ही छेदनबिंदूंपाशी सारख्याच जागी येणारा. शाळेत ही कृती पाचवी-सहावीपासून होते, पण ती का चालते हे तेव्हाच सांगितले गेले, तर पुढची प्रमेये परकी वाटणार नाहीत.

व्युत्क्रम कोन, म्हणजे वेगवेगळ्या छेदनबिंदूंपाशी छेदिकेच्या विरुद्ध बाजूंना असलेले आंतरकोन, समान असतील तर रेषा समांतर असतात, ही झाली कसोटी. तिची सिद्धता अप्रत्यक्ष पद्धतीची, म्हणजे उलट मानून विसंगती दाखवणारी, आणि फार सुंदर आहे. समजा, छेदिकेने दोन रेषांना P आणि Q या बिंदूंत छेदले, व्युत्क्रम कोन समान आले आणि तरीही त्या रेषा एका बाजूला R या बिंदूत भेटल्या. मग PQR हा त्रिकोण तयार होतो. समान मानलेल्या दोन कोनांपैकी एक या त्रिकोणाचा बाह्यकोन (बाजू वाढवल्यावर बाहेर होणारा कोन) ठरतो आणि दुसरा त्याचा दूरस्थ आंतरकोन (त्याला लागून नसलेला आतला कोन). परंतु बाह्यकोन दूरस्थ आंतरकोनापेक्षा नेहमी मोठा असतो; ते दोन्ही समान असू शकत नाहीत. म्हणून R हा बिंदू असणेच शक्य नाही, आणि दुसऱ्या बाजूलाही हाच युक्तिवाद लागू पडतो.

उलट दिशेचे विधान, म्हणजे रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन समान असतात, हा गुणधर्म आहे, आणि तो इतक्या सहज हाती येत नाही. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडने आपल्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात कसोटी २७व्या विधानात सिद्ध केली, पण २९व्या विधानात गुणधर्म सिद्ध करताना त्याला आपले पाचवे गृहीतक (सिद्ध न करता मान्य केलेले विधान) प्रथमच वापरावे लागले: एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज दोन काटकोनांपेक्षा कमी असेल, तर रेषा त्या बाजूला भेटतात. ‘रेषेबाहेरील बिंदूतून तिला एकच समांतर रेषा काढता येते’ हे त्याचे आज परिचित असलेले रूप स्कॉटिश गणिती प्लेफेअरच्या १७९५च्या पुस्तकामुळे रूढ झाले.

हे गृहीतक इतर गृहीतकांवरून सिद्ध करण्याचे प्रयत्न शतकानुशतके झाले. इटलीतील गणिती साकेरीचा प्रयत्न १७३३मधला. शेवटी रशियातील लोबाचेव्हस्की (१८२९) आणि हंगेरीतील बोल्याई (१८३२) यांनी स्वतंत्रपणे दाखवले की, एका बिंदूतून अनेक न छेदणाऱ्या रेषा जातात असे मानूनही सुसंगत भूमिती रचता येते. त्या भूमितीत कसोटी खरी राहते, गुणधर्म मात्र राहत नाही. भाचीच्या प्रश्नातील दोन विधाने एकच नाहीत, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

हे सगळे सांगून झाल्यावर मी तिला एक उदाहरण दिले: रेषा l समांतर रेषा m आणि रेषा m समांतर रेषा n, तर l आणि n समांतर आहेत हे सिद्ध कर. तिने तिन्ही रेषांना छेदणारी एक छेदिका काढली, l आणि m यांचे, तसेच m आणि n यांचे संगत कोन समान लिहून कारण दिले ‘समांतर रेषांच्या संगत कोनांचा गुणधर्म’. मग l आणि n यांचे संगत कोन समान आले, आणि शेवटच्या ओळीसमोर तिने ‘संगत कोन कसोटी’ असे लिहिले.