टोमॅटो आणि माझे शिवशिवणारे हात

बी पेरल्यावर चौथ्या दिवशी मी माती उकरून पाहिली. एका बीतून पांढरा, दोरा असावा तसा मोड बाहेर आला होता आणि तो माझ्याच नखाने तुटला. टोमॅटोचं बी वर यायला ५ ते १० दिवस घेतं, हे मला ठाऊक होतं. ऊब कमी असेल तर आणखी जास्त. थंडी नुकती कुठे सरत होती, म्हणजे उशीर होणारच. पण ठाऊक असणं वेगळं आणि हात आवरणं वेगळं.

पेरलेल्या २४ बियांपैकी १७ उगवल्या. आधी दोन लांबट बीजदलं, मग आठवड्याभराने कातरलेल्या कडांचं पहिलं खरं पान. ट्रे खिडकीत होता. रोपं काचेकडे मान काढून बसली, म्हणून मी रोज ट्रे फिरवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांच्या माना काचेकडे. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला तो पुरत नाही. त्यामुळे ती काटकुळी आणि उंच झाली. मला वाटलं अशक्त आहेत, म्हणून पाणी वाढवलं.

दोन दिवसांत ९ रोपं आडवी झाली. खोड मातीला टेकतं तिथे करकोचा पडल्यासारखं बारीक, वरची पानं मात्र अजून हिरवीगार. ही रोपांची मर, सतत ओल्या मातीत वाढणाऱ्या बुरशीमुळे होणारी. आडवं झालेलं रोप पुन्हा उभं राहत नाही. शेजारचे काका कुंपणापलीकडून बघत होते. म्हणाले, "अगं, पाणी घालायच्या आधी मातीत बोट घालून बघतेस का?" नव्हते बघत. माझा हिशोब वरच्या मातीच्या रंगावर चालायचा आणि वरची माती तर दुपारपर्यंत सुकलेलीच दिसते. बोट पहिल्या पेरापर्यंत घातलं, तर आत चिखल.

उरली ८. त्यांच्या काटकुळेपणावर टोमॅटोकडेच एक उपाय असतो. याच्या खोडाला कुठेही ओल्या मातीचा स्पर्श झाला की तिथून मुळं फुटतात. म्हणून मोठ्या कुंड्यांत हलवताना खालची पानं खुडून, वरच्या पानांच्या झुपक्यापर्यंत सगळं खोड मी मातीत पुरलं. मिरची-वांग्याच्या रोपांशी हा खेळ करत नाहीत, टोमॅटो मात्र त्यावर खूश असतो.

मग बाहेरची सवय. आठवडा-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यायचं: आधी सावलीत तासभर, मग कोवळं ऊन, मग पूर्ण. रात्री १० अंशांच्या खाली जात असतील तर संध्याकाळी परत आत. तीन दिवस मी हे शिस्तीत केलं. चौथ्या दिवशी 'आता काय होतंय' म्हणून दुपारच्या उन्हात सोडली. संध्याकाळी पानांवर पांढरे, कागदासारखे डाग. एक रोप गेलं, बाकीच्यांनी नवी पानं काढली.

वाफ्यात दोन रोपांमध्ये अर्धा मीटर सोडलं, त्या वेळी ते अंतर हास्यास्पद वाटलं होतं. काठ्या रोवायला तीन आठवडे उशीर केला आणि रोवताना मुळं तुटल्याचा आवाज ऐकला. काठी रोपाबरोबरच रोवावी, याउपर त्यावर सांगण्यासारखं काही नाही.

बगलफुटींवर मात्र मी बरंच सांगू शकते, कारण तिथे माझ्या हातांना हक्काचं काम मिळालं. पान आणि खोड यांच्या बेचक्यात जो नवा फुटवा येतो, तो बोटभर व्हायच्या आत चिमटीने मोडायचा, म्हणजे झाडाची ताकद फांद्यांत वाटली जात नाही आणि वारा खेळता राहतो. अर्धा तास हे केलं की बोटं हिरवट-काळी होतात. साबण लावला की फेस पिवळा आणि वास कोपरापर्यंत. हा सगळा खोडा-पानांवरच्या बारीक केसांतला चिकट रस. मला तो वास आवडतो, घरातल्या इतरांना नाही.

पण हे फक्त उंच वाढत जाणाऱ्या जातींसाठी. माझ्याकडे ७ पैकी ३ झाडं झुडपी जातीची होती. ती ठरावीक उंचीला थांबतात आणि फळं त्याच फांद्यांवर धरतात. मी त्यांच्याही बगलफुटी मोडत बसले, म्हणजे येणारी फळंच मोडत बसले. शिवाय एका उंच झाडाचा शेंडाच बगलफूट समजून खुडला. ते झाड दोन आठवडे रुसलं, मग खालच्या एका सुटलेल्या फुटव्याला त्याने शेंडा केलं. मोडलेल्या बगलफुटींतल्या दोन पाण्यात ठेवल्या, तर आठवड्यात त्यांना मुळं आली.

फुलं आली आणि गळायला लागली. आधी मला खताचा संशय आला, तो अगदीच चुकीचा नव्हता. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि फुलं कमी येतात. पण फुलं देठाच्या गाठीपासून सुटून पडत होती, ती वाढत्या उन्हामुळे. दिवस ३२ अंशांच्या वर आणि रात्रीही उबदार असल्या की परागीभवन नीट होत नाही. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, फक्त पराग झटकला जायला हवा. भुंगा फुलाला लटकून पंख न हलवता अंग थरथरवतो, तो 'झूं' आवाज त्याचाच. मधमाशीला ही कला येत नाही. भुंगे कमी होते, म्हणून सकाळी उशिरा, पराग कोरडा झाल्यावर, मी फुलांच्या घोसांना टिचक्या मारत फिरायचे.

फळं धरली. पहिल्या तिन्हींचा बूड काळा, चामड्यासारखा आणि आत खोलगट. मी कीड समजून फवारणी केली. कीड नव्हतीच. फळाच्या टोकाला कॅल्शियम पोचत नाही, तेव्हा हे होतं, आणि ते पोचतं पाण्यासोबत. बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, पाण्याचा मेळ नसतो. मर पाहून मी इतकी धास्तावले होते, की आता तीन-तीन दिवस कोरडं ठेवून मग अपराधी वाटून बादलीभर ओतत होते. अंड्याची टरफलं चुरून टाकली, पण ती मातीत विरायला खूप काळ लागतो. शेवटी वाळक्या पानांचा चार बोटं जाड थर बुंध्याभोवती पसरला आणि सकाळी बोट घालून, लागेल तेव्हाच, पण सावकाश आणि खोलवर पाणी. काळी झालेली फळं सुधारत नाहीत, ती तोडून टाकली. नंतरच्या घोसांत तसं एकही निघालं नाही.

पहिलं निरोगी फळ फुलापासून दीड महिन्याने पांढुरकं हिरवं झालं आणि त्याच्या बुडाशी गुलाबी छटा आली. या टप्प्यावर तोडलं तरी ते घरात व्यवस्थित पिकतं. हेही मला ठाऊक होतं. पण यंदा एकदा तरी हात आवरायचा, फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यायचं, असं मी ठरवलं. तीन दिवस नुसतं बघून परत फिरले. चौथ्या सकाळी गेले, तर ते लालभडक होतं आणि मधोमध चोचीने पाडलेलं, बिया दिसणारं भोक. त्याच घोसातली नुकती गुलाबी झालेली दोन फळं मी तिथल्या तिथे तोडून आत आणली.