शेकाट्याच्या पायाएवढं पाणी

माघातली त्रयोदशी होती. ठाण्याहून पहाटेची पनवेल लोकल पकडून सीवूड्सला उतरलो, तिथून रिक्षाने टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ गाठली. बरोबर आतेभाऊ आणि त्याची आठ वर्षांची सई. निघालो होतो अर्थातच फ्लेमिंगो बघायला. ठाणे खाडीत भरती चढली, चिखल बुडाला की ते थव्याने इकडच्या उथळ पाण्यात येतात. खाडीचा वरचा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. पण पक्ष्यांना आपल्या हद्दी कोण सांगणार?

आम्ही पोचलो तेव्हा फ्लेमिंगो लांब, धुक्यात गुलाबी डागासारखे. सई दोन मिनिटांत कंटाळली. "ते बघ, काड्यांवर उभे राहिलेत," ती म्हणाली. समोर वीस-पंचवीस शेकाटे चरत होते.

खरं सांगायचं तर शेकाट्याकडे आम्ही कधी नीट बघत नाही. कुठल्याही डबक्यावर, नाल्यावर दिसतो, म्हणून यादीत टिकमार्क करून पुढे जायचं. पांढरं अंग, काळे पंख, सुईसारखी सरळ काळी चोच आणि खाली गुलाबी पाय. पक्षी जेमतेम दीड विताचा, त्यात पाय मात्र वीतभर. अंगाच्या मानाने इतके लांब पाय फ्लेमिंगो सोडला तर दुसऱ्या कुणाला नाहीत. नराची पाठ काळीभोर, उन्हात हिरवट झाक मारणारी, मादीची तपकिरी.

"त्याचे गुडघे उलटे का आहेत?" सईचा प्रश्न. मी दुर्बीण तिच्या हातात दिली. मागे वाकतो तो गुडघा नाही, घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या पिसांत झाकलेला. म्हणजे हा पक्षी जन्मभर चवड्यांवर चालतो. या पायांचा त्रासही आहे बरं का. कोरड्या काठावरचा किडा उचलायचा तर बिचाऱ्याला पाय दुमडून सबंध अंग पुढे कलतं करावं लागतं.

बांधावर एक आगरी काका जाळं झटकत बसले होते. आम्हाला बघून म्हणाले, "फ्लेमिंगो काय, येतीलच. तुम्ही पाणी बघा. कोण आधी उठतो ते बघा." भरती किती वाजता, विचारलं तर घड्याळ न बघता बोटांवर हिशोब केला: त्रयोदशी, तेराची पाऊणपट, पावणेदहा. "खाडीत आतवर अजून अर्धा-पाऊण तास धरायचा."

मग दोन तास आम्ही तेच केलं. पाणी आवाज न करता चढत होतं. चरणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यांत आधी टिलवे उठले, चिमणीएवढेच ते, पाणी पोटाला लागलं की संपलं. मग तुताऱ्या. मालगुजे बराच वेळ टिकले. त्यांची चोच लांब, ती चिखलात खुपसून किडे काढायचे, पण पाणी चढलं तसा चिखलच चोचीच्या टप्प्याबाहेर गेला. शेकाट्याला चिखलाशी कर्तव्य नाही. तो पाण्यावरचे किडे, अळ्या, बारक्या गोगलगायी वरच्यावर टिपतो, फारतर डोकं बुडवतो. त्यामुळे सगळे उठून गेले तरी हे आपले खोल पाण्यात ऐटीत फिरत होते. वाटणी इतकी सरळ असेल असं पुस्तकात वाचून कधी वाटलं नव्हतं.

मला गेल्या मे महिन्यातलं एक आटत आलेलं तळं आठवलं. उघड्या मातीवर खळगा, त्यात चार मातकट अंडी, वर आग ओकणारं ऊन. शेकाट्याची मादी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून यायची आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसायची. मग नर, तसाच भिजून. तीनेक आठवडे ही पाळी चालते. मी एक पाऊल पुढे टाकलं तर दोघं डोक्यावर "किक-किक-किक" करत असं घिरट्या घालू लागले की मुकाट्याने मागे फिरलो.

दहाच्या सुमारास पाणी शेकाट्यांच्या पोटाला टेकलं. एकामागून एक उडाले, शेपटीमागे गुलाबी पायांची लांब रेघ सोडत, आणि पलीकडच्या बांधावर एका पायावर ओळीने उभे राहिले. तेवढ्यात फ्लेमिंगोंचा थवा डोक्यावरून आला. आतेभाऊ फोटो काढत सुटला. सई मात्र बांधाकडेच बघत होती.

"आता हे परत कधी उतरणार?" तिने काकांना विचारलं.

"दुपारी पाणी वसरलं की," काका जाळं गुंडाळत म्हणाले. "तवा उलटं. हा काडीवाला पहिला."