बडोद्यात तीन दिवस मेणाच्या रंगांत

बाटिक मी बारा वर्षं करते आहे. त्यात मेणाला शेवटी जावंच लागतं. कापडावर लावायचं, रंगात बुडवायचं आणि उकळत्या पाण्यात सगळं मेण काढून टाकायचं. त्यामुळे मेणातच रंग कालवून, ते आचेवर पक्कं करून कायम ठेवायची जी रीत आहे, म्हणजे एन्कॉस्टिक, ती शिकायची ओढ बरीच जुनी होती. या डिसेंबरात बडोद्याच्या एका छोट्या स्टुडिओत तीन दिवस मिळाले. मागाहून जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

बोरिवलीहून सकाळच्या गाडीने निघाले आणि जेवायच्या वेळेला बडोद्यात उतरले. उतरायची सोय आत्याकडे, दांडिया बाजारात. ज्यांचं तिकडे कुणी नाही त्यांनी सयाजीगंज किंवा फतेहगंजमध्ये खोली बघावी. स्टेशन, कमाटीबाग आणि फाइन आर्ट्सचं कॉलेज सगळं त्याच बाजूला आहे. नवरात्रात मात्र खोली मिळणं अवघड, आणि एप्रिल-मेमध्ये तर या कामासाठी जाऊच नये. बडोद्याचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. मधमाशांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, पण मऊ त्याच्या कितीतरी आधी पडतं.

स्टुडिओ म्हणजे एका बंगल्याची मागची खोली. आम्ही चौघी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या ताई. मधोमध विजेवर चालणारा सपाट तवा, त्यावर स्टीलच्या वाट्या, प्रत्येक वाटीत एक रंग आणि त्या रंगाचा स्वतःचा कुंचला. खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा. ताईंनी रंगाच्या आधी थर्मामीटर दाखवला. तवा ९० ते ९५ अंशांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. मेणातून धूर दिसला की आच जास्त झालीच. तो धूर घसा आणि डोळे जाळतो, फुफ्फुसांना चांगला नाही. स्टुडिओ निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: पंखा आहे का, थर्मामीटर आहे का. "खिडकी उघडी ठेवतो" एवढंच उत्तर आलं तर दुसरी जागा शोधा.

पहिली दुपार माध्यम, म्हणजे ज्यात रंग कालवायचा ते मेण-राळेचं मिश्रण, बनवण्यात गेली. वजनाने आठ भाग मेण, एक भाग डमार नावाची झाडाची राळ. राळ मेणापेक्षा बरीच उशिरा वितळते, म्हणून घाई चालत नाही. वितळली की मलमलीतून गाळायची, कारण तिच्यात सालपटं आणि किडेसुद्धा असतात. राळेमुळे थर कडक होतो आणि पुसल्यावर चमकतो. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "अगं, राळ तर मांडवीजवळ गांधीकडे मिळते ने." खरंच मिळाली, गांधी म्हणजे तिकडचा काष्ठौषधी आणि पूजेचं सामान विकणारा. पण ताईंनी हातात घेऊन सांगितलं की ही सालवृक्षाची, डमारची चुलत बहीण. घरी तुकड्यावर करून बघा, चांगल्या फळीवर नको. मेण विकत घेताना तुकडा मोडून पाहा. मधमाशांचं मेण दाणेदार मोडतं आणि त्याला मधाचा वास येतो. गुळगुळीत आणि बिनवासाचं असेल तर त्यात मेणबत्तीचं पॅराफिन आहे, आणि ते थर ठिसूळ करतं.

आता मुख्य गोष्ट. ग्रीक शब्दाचा अर्थच "आत भाजून बसवलेलं" असा आहे. वाटीतून फळीपर्यंत कुंचला येईतो मेण थिजतं, हिवाळ्यातलं तूप थिजावं तसं. त्यामुळे लावलेला थर खालच्या थराला नुसता टेकलेला असतो, धरलेला नसतो. तो धरावा म्हणून दर थरानंतर गरम हवेची गन फिरवायची. वीतभर अंतरावरून, हात सतत हलता. आधी काहीच होत नाही. मग मळकट पृष्ठभागावर एक ओली चकाकी उमटते, पावसात अंगण भिजावं तशी, कडेकडून पसरत जाते. ती चकाकी पूर्ण जुळली की त्या क्षणी गन काढायची. दोन सेकंद जास्त झाले की निळा पिवळ्यात वाहून जातो. ताई दर वेळी पाठीमागून म्हणायच्या, "अहो, रंगाकडे नको, चकाकीकडे बघा." पहिल्या दिवशी मी सहा फळ्या केवळ या चकाकीसाठी वापरल्या, एकाही फळीवर चित्र नव्हतं. मला तो दिवस सगळ्यात मोलाचा वाटतो.

हे इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात मी एका दिवसाच्या वर्गाला गेले होते. तिथे फळीवर अ‍ॅक्रिलिकचा पांढरा गेसो, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, लावून दिला आणि वर मेण. आच देणं शेवटी एकदाच. महिन्याभरात ते चित्र पापुद्र्यासारखं अख्खं सुटून हातात आलं. गेसोचा प्लास्टिकसारखा थर मेण शोषत नाही, म्हणून मेणाला पकडायला काही नसतं. कोरं प्लायवूड हवं, १२ मिलिमीटरचं, आधी कोमट केलेलं, आणि पहिले दोन हात बिनरंगी माध्यमाचे. कॅनव्हास नको; तो लवतो आणि मेण तडकतं. कुंचले डुकराच्या केसांचे घ्या, नायलॉनचे तव्यावर वितळतात.

तिसऱ्या दिवशी खरवडणं शिकलो. दहा-बारा थर झाल्यावर पात्याने वरचा थर हळूच काढला की खालचे रंग डोकावतात. सुईने रेघ कोरायची, तिच्यात तेलरंग भरायचा, वरचा जादा रंग पुसून टाकायचा. बाटिकमधल्या तड्यांसारखीच रेघ, पण इथे ती मी ठरवलेल्या जागी होती.

बडोद्यात गेल्यावर केवळ स्टुडिओ पाहून परतू नका. कमाटीबागेतल्या संग्रहालयात इजिप्तची ममी आहे. ताईंनी मुद्दाम पाठवलं. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत इजिप्तच्या फायूम भागात अशाच ममींच्या चेहऱ्याशी लाकडी फळ्यांवर मेणात रंगवलेली त्या माणसांची चित्रं बांधत. ती चित्रं पाहायची तर लंडनच्या नाहीतर न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत जावं लागतं, पण कापडात गुंडाळलेला तो देह समोर पाहिल्यावर फळी कुठे बसत असेल ते कळतं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की आचेवरच्या मेणरंगाने जहाजं रंगवत, त्याला ऊन, खारं पाणी आणि वारा बाधत नसे.

रावपुऱ्यात तांबेकर वाडाही पाहा. बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा वाडा. भिंतीभर कृष्णलीला आणि महाभारत. ती मेणचित्रं नव्हेत, पण भिंतीवर रंग कसा टिकतो याचा विचार करणाऱ्याने तासभर तिथे थांबावं. आणि १९५० साली सुरू झालेली फाइन आर्ट्सची शाळा, जिथे इंदूरचे ना. श्री. बेंद्रे शिकवायला आले, ती तिथून रिक्षाने फार लांब नाही. सकाळची न्याहारी सेव-उसळीची. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा.

काही बारीक गोष्टी. सुती कपडे घाला, पॉलिएस्टर नको. गरम मेण हातावर पडलं तर ओढून काढू नका, आधी वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा. टर्पेंटाइन तव्याजवळ आणायचं नाही, आणि ते किंवा गॅसची टॉर्च रेल्वेतून नेताही येत नाही. फी ठरवताना मेण, राळ आणि फळ्या त्यात धरल्या आहेत का ते विचारा. पाचाहून जास्त माणसं एका तव्याभोवती असतील तर तुमच्या चकाकीकडे बघायला कुणी उरणार नाही.

परतताना चित्रं बटर पेपरमध्ये गुंडाळा. फुगेवाल्या प्लास्टिकचे गोल ठसे मेणावर उठतात. मी दोन फळ्या समोरासमोर न ठेवता पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या ठेवल्या आणि खोकं खिडकीपासून लांब, सावलीच्या बाजूला धरलं. गाडीत उन्हात चित्र सोडून जेवायला जाऊ नका.

घरी आल्यावर दोन आठवड्यांनी चित्रांवर पांढुरका धुरकटपणा आला. घाबरू नका, नवं मेण असं करतं. आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा घेऊन काल अर्धा तास गोल गोल पुसलं, आणि पहिल्या दिवशीच्या त्या निळ्याखाली लावलेला पिवळा दिसायला लागला.